येनाच्या काचघरातला थोरला

जर्मनीहून परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" त्याला किल्ले हवे असतात, बर्फ हवा असतो, गेला बाजार एखादं मोठं चर्च. मी सांगते, "हवाई पाहिलं." समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग काळजीनं आमच्या ह्यांच्याकडे. हे विमानाच्या भीतीनं आलेच नव्हते, त्यामुळे साक्ष देऊ शकत नाहीत. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे दर वेळी भाजीची पिशवी सांभाळत रस्त्यात उभं राहून सांगायला नको.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. कुणाच्याही कुंपणाशी थांबून त्यांच्या झाडांना काय झालंय ते न विचारता सांगते. त्यातून अळू म्हणजे माझा जीव की प्राण. भाजीचं अळू, वडीचं काळ्या देठाचं अळू, पावसाळ्यात रानात येणारं तेरं, सगळं आमच्या परसात आहे. मागच्या मोरीचं पाणी त्याच्यासाठीच सोडलेलं आहे. तेव्हा मी जर्मनीला गेले आणि तिथे अळवाच्या नादानं भटकले, यात माझ्या घरच्यांना तरी नवल वाटलं नाही.

रेगेन्सबर्ग, गुरुवार

माझी मुलगी ऋता आणि जावई केदार रेगेन्सबर्गला राहतात. केदार तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. मी त्यांना केदारराव म्हणते आणि ते दर वेळी लाजतात. नात ईरा सहा वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. "ईरा, भात वाढू?" "नाइन, आज्जी." मी दोन आठवड्यांत तिच्याकडून जेवढं जर्मन शिकले तेवढं कुठल्या क्लासात शिकले नसते, पण ते सगळं नकारार्थी आहे.

गुरुवारी संध्याकाळी ऋताच्या एका जुन्या मैत्रिणीचा येनाहून निरोप आला. तिथल्या एका बागेच्या काचघरात रविवारी कार्यक्रम होता. हवाई बेटांवरच्या एक बाई येऊन अळवाचे कांदे कुटून दाखवणार होत्या आणि त्यांच्याकडे जग कसं जन्मलं ते सांगणार होत्या. मी खुर्चीतून उठलेच. अळू आणि विश्वाचा जन्म एकाच दुपारी! "आपण जायचं," मी जाहीर केलं. "वाट्टेल ते झालं तरी जायचं."

ऋता भांडी आवरायला लागली, आवरलेलीच भांडी.

मग केदार माझ्याबरोबर कचरा टाकायला खाली आले. तिकडे कचरा टाकायला दोन माणसं लागतात, कारण डबेच इतक्या रंगांचे असतात. कागद निळ्यात टाकता टाकता ते म्हणाले, "आई, येना म्हटल्यावर ती अशी होणारच. तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. लग्नानंतर ती दोघं येनालाच होती, ऋता तिथे भिंगांच्या एका कंपनीत काम करायची. ईराच्या आधी तिला दिवस गेले होते. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. माझा व्हिसा यायच्या आत सगळं संपलं होतं. येनाच्याच दफनभूमीत त्याला ठेवलं, हे मी फोनवर ऐकलं. नंतर ती दोघं रेगेन्सबर्गला आली, ईरा झाली, आणि तो विषय घरातून उठला. आमच्या नात्यागोत्यात कुणाला उल्लेख करावाच लागला तर 'ते झालं तेव्हा' असं म्हणतात.

"दर वर्षी आम्ही दोघं जाऊन येतो," केदार म्हणाले. "ईराला शेजारी ठेवून. पण आता ती मोठी होतेय, आई. मला तिला सांगायचंय. तिला भाऊ होता, हे तिला दुसऱ्या कुणाकडून का कळावं? यावेळी नेऊ या तिला. ऋता म्हणते, नको. एवढ्याशा पोरीच्या डोक्यात मरण कशाला घालायचं."

"तुमचं दोघांचं बरोबर आहे," मी म्हटलं, आणि ते खरंही होतं, म्हणूनच त्याचा उपयोग शून्य होता.

वर गेल्यावर ऋतानं स्वतःच सांगून टाकलं. "आई, जाऊ या आपण येनाला. अळू बघू, ऐकू, खाऊ आणि परत येऊ. बाकी कुठे जायचं नाही. आल्झो, म्हणजे मग ठरलं?" मी मान हलवली. केदारांनी हलवली नाही.

येना, शनिवार

न्युरेम्बर्गला गाडी बदलली की पुढे डोंगर आणि नदी सुरू होते. नदीचं नावच 'झाले' आहे. डब्यात मी मेथीचे ठेपले काढले आणि पुढचा अर्धा डबा आमच्याकडे वळून बघायला लागला. एका आजोबांनी धीर करून विचारलं, हा कुठला मसाला. मी त्यांना एक ठेपला दिला. त्यांनी तो काट्याचमच्यानं खाल्ला. दोन्ही त्यांच्या बॅगेत होते. जर्मन माणूस प्रवासाला निघतो तेव्हा कशाकशाची तयारी करून निघतो, याचा मला तिथे अंदाज आला.

आणि उतरलो कुठे? स्टेशनचं नाव पाराडीस. म्हणजे स्वर्ग! समोरच्या बागेचं नाव स्वर्ग म्हणून स्टेशनचंही तेच. पाटीखाली उभं राहून मी ह्यांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, पोचले. ह्यांचा ताबडतोब फोन आला.

येना डोंगरांच्या मधल्या खोलगटात बसलेलं आहे. विद्यार्थी चिकार, सायकली त्याहून चिकार. ऋता आम्हाला जुनी दुकानं दाखवत होती, इथे मी कॉफी प्यायचे, इथे आम्ही पहिला सोफा घेतला. ती हसत होती, भराभर बोलत होती, आणि एका चौकात आल्यावर तिनं आम्हाला मुद्दाम लांबच्या रस्त्यानं नेलं. त्या चौकातून टेकडीवरच्या दफनभूमीकडे जाणारी बस सुटते, हे मला केदारांच्या चेहऱ्यावरून कळलं.

संध्याकाळी क्लोसे खाल्ले. बटाट्याचे मोठमोठे उकडलेले गोळे, आत भाजलेल्या पावाचे तुकडे, वर आळंब्यांचा रस्सा. कच्चा बटाटा किसून, पिळून, त्यात शिजवलेला मिसळायचा, असं वाढणाऱ्या मुलीनं सांगितलं. मी तिला विचारलं, पिळलेल्या पाण्याचं काय करता. ती म्हणाली, तळाशी बसलेलं सत्त्व परत गोळ्यात घालतो. मला ती जागच्या जागी आवडली. असं काही वाया न घालवणारं माणूस भेटलं की मला उगाच नातं लागल्यासारखं वाटतं.

येना, रविवार सकाळ

काचघराचं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली. बाहेर स्वेटर, आत चिपळूण! तोच दमट वास, तीच कोंदलेली हवा. चष्मा पुसून घातला तर समोर अळू. माझ्या कमरेएवढं, पानं सुपाएवढी, प्रत्येक पानावर पाण्याचे मणी पळताहेत. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. त्याच्यासमोर नाव, गाव, कूळ लिहिलेली स्वच्छ पाटी होती. आमच्या परसातल्या अळवाला हे समजलं तर ते मोरीच्या पाण्यावर राहायचं नाही.

तेवढ्यात एका उंच जर्मन गृहस्थांनी पानाचा कोपरा मोडला आणि तोंडाकडे नेला. मी धावलेच. "नाइन! नाइन!" म्हणत मी ते पान त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावलं. कच्चं अळू खाल्लं तर घसा धरतो, सुयांसारखे बारीक स्फटिक असतात त्यात, चिंच नाहीतर आमसूल घातल्याशिवाय आम्ही त्याला शिवत नाही, हे सगळं मी मराठीतून त्यांना समजावलं. ऋता लाल झाली होती. "आई, ते इथले गाइड आहेत. ते फक्त वास दाखवत होते."

यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल तर त्या हवाईच्या बाई. नाव नोहेआ. माझ्याच वयाच्या, भरल्या अंगाच्या, पिकलेले केस मोकळे सोडलेले. एका जर्मन माणसाशी लग्न करून कित्येक वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. सगळे त्यांना आंटी म्हणत होते. त्यांच्या बेटांवर वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, नात्याची असो वा नसो. "म्हणजे आपल्या काकू," केदार म्हणाले. काकूंनी माझा हात धरला आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडेही तो आहे?" त्या अळवाला 'तो' म्हणत होत्या. मी म्हटलं, तो नसेल तर आमच्याकडे लग्नाचं जेवण पुरं होत नाही.

मग गोष्ट सुरू झाली. आधी त्यांनी डोळे मिटून त्यांच्या भाषेत म्हटलं, बराच वेळ, एका संथ ठेक्यात. शब्द एकही कळला नाही, पण अंगावर काटा आला. त्यानंतर जर्मनमध्ये आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत त्या अर्थ सांगायला लागल्या. मला जसं समजलं तसं सांगते.

सुरुवातीला रात्र. समुद्राच्या तळासारखी दाट, खोल रात्र. ती कुणी केलेली नाही आणि तिला कुणी घालवलेलीही नाही. तीच विते. तिच्यातून चिखल, चिखलातून प्रवाळाचा इवलासा जीव. मग किडे, तारामासे, शिंपले. मग समुद्रात एकेक शेवाळ जन्मतं आणि त्याच वेळी जमिनीवर त्याचं एक झाड जन्मतं, त्याची राखण करायला. पाण्यातल्या प्रत्येकाला जमिनीवर कुणीतरी आपलं माणूस! मग मासे, पाखरं, सरपटणारे, कासवं, डुक्कर, उंदीर, कुत्रा. हे सगळं त्या रात्रीतच. उजाडतं तेव्हा कुठे देव आणि माणसं येतात.

माझा हात कधी वर गेला मला समजलंच नाही. आयुष्यभर मुलांचे हात वर करून घेतले, आता स्वतःचा. "पण हे सगळं केलं कुणी?"

"केलं नाही कुणी," आंटी म्हणाल्या. "भांडं करतात. मूल होतं."

मी खाली बसले. वर्षानुवर्षं फळ्यावर जो क्रम लिहिला, आधी साधे जीव, मग गुंतागुंतीचे, तो क्रम समुद्राच्या मधोमध राहणाऱ्या लोकांनी पाठ करून ठेवला होता! पण माझ्या फळ्यावर ती नुसती एक शिडी असायची, आणि वरच्या पायरीवर आपण, ऐटीत. त्यांच्याकडे ते घराणं आहे. जो आधी जन्मला तो थोरला. प्रवाळ सगळ्यांत थोरलं, माणूस शेंडेफळ. आणि शेंडेफळाची लक्षणं सगळी आपल्यात आहेतच की. लाड करून घ्यायचे, थोरल्यांच्या वस्तू न विचारता घ्यायच्या आणि मोडून ठेवायच्या. आपल्याकडेही मासा, कासव, वराह असा क्रम आहे, पण तिथे एकच देव वेगवेगळी रूपं घेऊन आपल्याला वाचवायला येतो. इथे मासा हा मासाच आहे आणि तो आपला वडीलधारा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती रात्र. आपण तिन्हीसांजेला दिवा लावतो, अंधार जावा म्हणून. या लोकांना अंधारात वाईट असं काही दिसतच नाही. अंधार म्हणजे आईचं पोट. जे जे आहे ते आधी तिथे होतं. मी ऋताकडे बघितलं. ती ऐकत होती, हात पोटावर बांधून.

रविवार दुपार

पुढे प्रत्यक्ष काम. वाफवलेले अळवाचे कांदे सोलायचे, लाकडाच्या परातीसारख्या फळीवर दगडी बत्त्यानं कुटायचे, मधून मधून पाण्याचा हात लावायचा. मला कुटायला मिळालं! पहिल्या दोन घावांत आंटींनी ओळखलं की हिचा हात बसलेला आहे. जांभळट राखाडी, चकचकीत गोळा होतो, तो पातळ करून लाकडी वाडग्यात घालतात. त्याचं नाव पोई. बोटांनी खायचं, दाट असेल तर एका बोटावर येतं, पातळ असेल तर तीन लागतात. ताजं जरा गोडसर, दोन दिवसांनी आंबट. ताजं मला सपक वाटलं, पण आंबवलेलं दिलं तेव्हा मी मिटक्या मारल्या. जर्मन मंडळी चमचे शोधत होती. ईरानं मात्र तिन्ही बोटं घातली आणि नाकापर्यंत माखून घेतलं.

लांब टेबलावर आम्ही बसलो होतो, मधे उघडा वाडगा. आणि नेमकं तेव्हा केदारांनी काढलं.

"ऋता, वरची बस दहा मिनिटांनी आहे. इथूनच फुलं घेऊ."

"आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. माझं नव्हतं."

परदेशातल्या मराठी माणसांची एक खास पद्धत असते. चारचौघांत भांडायचं तर चेहऱ्यावर हसू ठेवून, मराठीत. शेजारच्याला वाटावं, ही माणसं जेवणाची तारीफ करताहेत. ती दोघं तसंच भांडत होती. मीही मधे पडले, हसतमुखानं.

"अहो केदारराव, आत्ता नको. नंतर बोला."

"नंतर म्हणजे कधी, आई? ती वीस वर्षांची झाल्यावर? त्याला एक बहीण आहे, तिनं एकदाही त्याला पाहिलं नाही."

"पाहायला काय आहे तिथे!" ऋता म्हणाली. हसू तसंच होतं, पण डोळे भरले होते. "एक दगड आहे. मी तिला दगड दाखवू? आणि मग ती रात्री झोपणार नाही, ते कोण बघणार?"

आंटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या उठल्या, मागचं अळवाचं एक मोठं पान खुडलं आणि शांतपणे वाडग्यावर झाकलं. मग परत जागेवर बसल्या. सगळ्यांचे हात थांबले.  आंटींना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण भांडण ओळखायला भाषा कुठे लागते.

"रागावले नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वाडगा उघडा असताना भांडत नाहीत. थोरला भाऊ जेवणात बसलेला असतो. त्याच्यासमोर भांडायचं नाही, म्हणून झाकलं."

गाइडनी विचारलं, "थोरला भाऊ म्हणजे कोण?" आणि आंटींनी सगळ्या टेबलाला ती गोष्ट सांगितली. आमच्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

आकाशपिता आणि तारे घडवणारी त्याची सखी, त्यांना पहिला मुलगा झाला. तो श्वास न घेताच जन्मला.

केदारांनी माझ्याकडे बघितलं. गोष्ट थांबवावी का, असं मला वाटून गेलं. पण मधे बोलली ती ऋताच. जर्मनमध्ये, अगदी स्वच्छ आवाजात. "मग त्याचं काय केलं?"

"गुंडाळून घराजवळ पुरलं," आंटी म्हणाल्या. "आई तिथे रोज रडायची. तिथून एक कोंब आला. लांब देठ आणि वाऱ्यानं थरथरणारं पान. हालोआ त्याचं नाव. पुढे तिला दुसरा मुलगा झाला, जिवंत. त्याला थोरल्याचंच नाव ठेवलं. त्या दुसऱ्यापासून आम्ही सगळी माणसं. म्हणून अळू आमचा थोरला भाऊ. थोरल्यानं धाकट्याला जेवू घालायचं, धाकट्यानं थोरल्याची काळजी घ्यायची, हा करार."

"म्हणजे तुम्ही त्याला मोजता?" ऋतानं विचारलं.

"मोजायचं काय? तो पहिला आहे. आम्ही त्याच्यानंतरचे."

 वरच्या काचेवरून पाणी ठिबकत होतं. आणि तेवढ्यात, नाकावर पोई लागलेल्या अवस्थेत, ईरानं आईला जर्मनमध्ये विचारलं, "माझाही आहे ना तसा भाऊ? बाबा म्हणाला ना आत्ता."

तिघंही गार! ही पोरगी उत्तर जर्मनमध्ये देते म्हणून आम्ही हिच्यासमोर मराठीत बिनधास्त बोलत होतो. हिला शब्द न् शब्द समजतो, रोज समजतो, आणि आम्ही मोठे शहाणे तिच्या डोक्यावरून भांडत होतो. मला तर हसू फुटायला लागलं आणि रडूही, दोन्ही एकदम.

 ऋतानं रुमालानं ईराचं नाक पुसलं आणि मराठीत म्हणाली, "हो. आहे. तुझ्याआधीचा. तो जन्मला तेव्हा श्वास घेत नव्हता."

"म्हणून पुरला?"

"हो. इथेच, येनाला."

"मग जाऊ या ना," ईरा म्हणाली. सोफा बघायला जावं इतक्या सहज.

ऋतानं हात पुढे केला आणि वाडग्यावरचं पान स्वतःच उचललं. आंटींनी तिच्यासमोर फक्त वाडगा सरकवला. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी परत खाल्लं, ताजं, सपक, तिन्ही बोटांनी.

निघताना आंटींनी डब्यात पोई भरून दिलं. मी त्यांना चिपळूणचं निमंत्रण दिलं आणि सांगितलं, तुमच्या थोरल्याची आम्ही वडी करतो, राग मानू नका. त्या म्हणाल्या, तो खाऊ घालण्यासाठीच आहे, फक्त वडीसमोर भांडू नका. आमच्या घरी हा नियम लागू केला तर श्रावण महिना फार शांततेत जाईल.

टेकडीवरच्या दफनभूमीत लहान मुलांचा वेगळा कोपरा आहे. मला वाटलं होतं तिथे पाय टाकवणार नाही. पण तिथे रंगीत भिरभिरी फिरत होती, दगडांवर चिमणी मोटारी, दगडी ससे. ऋता सरळ एका पायवाटेनं गेली आणि एका हाताच्या पंजाएवढ्या दगडाशी थांबली. त्यावर अक्षरं होती. मी वाकून वाचली. सारंग.

मला माहीत नव्हतं! त्याला नाव आहे हे मला, त्याच्या आजीला, माहीत नव्हतं. आपल्याकडे बारसं झाल्याशिवाय नाव कुठलं, त्यामुळे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं. "हॉस्पिटलमध्ये विचारलं त्यांनी, नाव काय," ऋता म्हणाली. "मी म्हटलं, सारंग. तिकडे घरी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, नाव कशाला ठेवलंस, जीव अडकतो."

"अडकू दे की!" मी म्हटलं. "असा अडकवायचाच असतो."

आणि माझ्या अंगात जे काही येतं ते आलं. मी त्या ओल्या गवतात बसले, दगडाला तोंड लावलं आणि "कुर्रर्रर्र, सारंग!" केलं. खरं तर हा मान आत्याचा, पण आत्या पुण्यात होती. केदारांना आठवलं, नाव सांगणाऱ्या बाईच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. त्यांनी सासूच्या पाठीत जपून एक घातला. ईराला एवढंच हवं होतं. तिनं माझ्या पाठीत असे धपाटे घातले की मी गवतात आडवी झाले. ऋता हसली. हसता हसता रडली, रडताना परत हसली, आणि मग खाली बसून तिनंही दगडाशी कुर्र केलं. घुगऱ्या नव्हत्या, म्हणून बाकावर बसून आम्ही डब्यातलं पोई वाटून खाल्लं. थोडं दगडाजवळ ठेवलं. ईरानं आपल्या बाटलीतलं सगळं पाणी तिथल्या गवताला घातलं, आणि तो करार तिला पटलेला दिसला.

परतीची गाडी

परत येताना डबा रिकामा होता. ईरा माझ्या शेजारी, समोर ती दोघं. केदार खिडकीला डोकं टेकून झोपले. नदी आमच्या बरोबर चालली होती आणि मी मनातल्या मनात परसातल्या अळवाची माफी मागत होते, की बाबा, तुला आजवर नुसती भाजी म्हटलं.

तिकीट तपासायला एक मध्यमवयीन मनुष्य आला. हसरा होता. त्यानं तिकिटं बघितली, ईराकडे बघून विचारलं, "सगळं कुटुंब सहलीला वाटतं? चौघं?"

"नाइन," ईरा म्हणाली, ठणकावून. "पाच. आम्ही माझ्या दादाकडे गेलो होतो. तो येनाला असतो." सगळं जर्मनमध्ये, पण दादा हा शब्द मात्र दादाच.

"अरे वा. मोठा आहे का तो?"

ईरा अडखळली. एवढं तिला सांगितलेलं नव्हतं. तिनं आईकडे बघितलं. मी घाईघाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, विषय बदलायला, पण इंग्रजी सुचेना आणि जर्मन माझं नकारार्थी. ऋता त्या माणसाकडे बघून म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये आठ पूर्ण होतील त्याला."